अठरा लाख नावांतील दुबार नावे: संगणकाचा वेळ आणि मेमरी कशी वाचते

महापालिका निवडणुकांच्या निमित्ताने ठाणे आणि नवी मुंबईत मतदार याद्यांमधील दुबार नावांचा विषय गाजला. त्या चर्चेत एक प्रश्न अनेकांनी विचारला: सगळ्या याद्या संगणकावर असताना दुबार नावे बटण दाबताच का सापडत नाहीत? प्रश्न रास्त आहे. त्याची कायदेशीर आणि प्रशासकीय बाजू इथे बाजूला ठेवतो. संगणकीय बाजू मात्र प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे, कारण ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा जी डेटा सेंटर उभी राहत आहेत, त्यांच्या आत किती यंत्रे लागतील आणि ती किती वीज खातील, याचा हिशोबही बऱ्याच अंशी याच तत्त्वांवर चालतो.

त्यासाठी दोनच शब्द आधी स्पष्ट करतो. संगणकाने एखादे काम कोणत्या क्रमाने, नेमके कसे करायचे याची लिहून दिलेली कृती म्हणजे अल्गोरिदम. पुढे मी तिला ‘रीत’ म्हणेन. काम चालू असताना माहिती ज्या जागेत ठेवली जाते ती मेमरी. ती बाइटमध्ये मोजतात. एका बाइटमध्ये ८ बिट असतात आणि एका बिटमध्ये ० किंवा १ एवढेच मावते.

सरळ रीत आणि ४५ तास

२०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या थोडी वर होती. हिशोबाच्या सोयीसाठी आपण १८ लाख नोंदींची एक यादी घेऊ. प्रत्येक नोंदीत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, लिंग आणि पत्ता आहे, आणि यातल्या कोणत्या नोंदी दोनदा आल्या आहेत ते शोधायचे आहे.

कोणालाही प्रथम सुचेल अशी रीत म्हणजे पहिली नोंद घेऊन ती बाकीच्या सगळ्यांशी ताडून पाहायची, मग दुसरी घ्यायची, मग तिसरी. रीत अचूक आहे, एकही दुबार नोंद तिच्यातून सुटणार नाही. पण १८ लाख नोंदींच्या जोड्या होतात सुमारे १ लाख ६२ हजार कोटी. संगणक सेकंदाला १ कोटी जोड्या ताडतो असे धरले, तरी या कामाला ४५ तास लागतील. २०११ मध्ये आजचा पालघर धरून ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख होती. तेवढ्या यादीला याच रीतीने जवळपास ७० दिवस लागतील. यादी सहा पट वाढली आणि वेळ सदतीस पट, कारण इथे खर्च नोंदींच्या संख्येच्या वर्गाने वाढतो.

आता रीत बदलू. आधी संपूर्ण यादी अकारविल्हे लावून घ्यायची. एकदा ती लागली की सारख्या नोंदी आपोआप शेजारी येतात, आणि प्रत्येक नोंद फक्त तिच्या पुढच्या नोंदीशी ताडली की काम झाले. यादी क्रमाने लावायला अर्थातच वेळ लागतो, पण त्यासाठी चांगल्या रीती फार पूर्वीपासून उपलब्ध आहेत. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडलेली रीत छोट्या-छोट्या लावलेल्या याद्या एकमेकींत मिसळत मोठी यादी तयार करते. दोन-दोनच्या चारच्या होतात, चारच्या आठाच्या, आणि अशा दुपटीच्या २१ पायऱ्यांत १८ लाखांचा टप्पा ओलांडला जातो. प्रत्येक पायरीवर फार तर १८ लाख तुलना, म्हणजे एकूण पावणेचार कोटींच्या आसपास. मघाच्याच वेगाने त्याला ४ सेकंदही लागत नाहीत. जिल्ह्याच्या यादीला २४ पायऱ्या लागतात आणि अर्ध्या मिनिटाच्या आत ती हातावेगळी होते.

४५ तास आणि ४ सेकंद या दोन्ही वेळा एकाच यंत्रावरच्या, एकाच यादीच्या आणि एकाच उत्तरापर्यंत नेणाऱ्या आहेत. यंत्राच्या किमतीबद्दल आपल्याकडे हिरिरीने बोलले जाते. निविदेत प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी चिप, कोणता, मेमरी किती, हे तपशीलवार लिहिले जाते. त्यावर चालणारी रीत कोणती, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

मेमरी देऊन वेळ, वेळ देऊन मेमरी

याहूनही वेगवान रीत आहे. प्रत्येक नोंदीतील अक्षरांवर ठरावीक गणित करून तिचा एक क्रमांक काढायचा आणि त्या क्रमांकाच्या खणात ती ठेवायची. सारखी नोंद पुन्हा आली की ती त्याच खणात येणार आणि पकडली जाणार. याला हॅशिंग म्हणतात. यादी क्रमाने लावायची गरज उरत नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच फेरी पुरते. मोबदल्यात मेमरी द्यावी लागते. क्रमांकाला ८ बाइट धरले आणि निम्मे खण मोकळे ठेवले तर १८ लाख नोंदींना सुमारे ३ कोटी बाइट, म्हणजे ३० एमबी. आजच्या साध्या फोनलाही हे जड नाही. पण १०० कोटी नोंदी असल्या तर तोच आकडा १६ जीबीवर जातो, आणि मग प्रत्येक बाइटचा विचार करावा लागतो.

अशा वेळी संगणकतज्ज्ञ बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये सुचवलेली एक युक्ती कामी येते, आणि मला ती या विषयातील सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते. तिच्यात नोंदी साठवतच नाहीत. नुसती बिटांची एक लांब रांग घ्यायची, सुरुवातीला सगळी शून्ये. नोंद आली की सात वेगवेगळ्या गणितांनी तिचे सात क्रमांक काढायचे आणि रांगेतील त्या सात जागी १ लिहायचे. पुढची नोंद आली की तिच्या सात जागा पाहायच्या. त्यांतली एक जरी ० असेल, तर ही नोंद पूर्वी आलेली नाही हे निश्चित. सातही जागी १ असेल, तर ती बहुधा आलेली आहे. बहुधा, कारण ते सात १ वेगवेगळ्या नोंदींनीही लिहिलेले असू शकतात. नोंदीमागे १० बिट ठेवले तर अशी खोटी शंका शंभरात एखाद्या वेळीच येते. १०० कोटी नोंदींना १६ जीबीच्या जागी सव्वा जीबी पुरते.

या रीतीचा दोष एकतर्फी आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हुबेहूब दुबार नोंद तिच्या हातून कधीच निसटत नाही. चूक होते ती फक्त निर्दोष नोंदीवर शंका घेण्याची. म्हणून तिचा उपयोग पहिल्या चाळणीपुरता करायचा आणि अडकलेल्या नोंदीच तेवढ्या पूर्ण ताडायच्या.

माहिती कुठे ठेवली आहे, याचा खर्च

आतापर्यंत आपण प्रत्येक तुलनेला सारखाच वेळ धरला. प्रत्यक्षात माहिती कुठून आणावी लागते त्यावर वेळ ठरतो. स्वयंपाक करताना मोहरी-हळद मिसळणाच्या डब्यात हाताशी असते, डब्यातले संपले की फडताळातली बरणी काढावी लागते, आणि तिथेही नसेल तर वाण्याकडे जावे लागते. संगणकातही प्रोसेसरला चिकटून कॅश नावाची अगदी लहान मेमरी असते, तिच्यामागे मुख्य मेमरी आणि त्याहून मागे डिस्क. कॅशमधील माहिती साधारण एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात) मिळते, मुख्य मेमरीतील शंभराच्या आसपास नॅनोसेकंदांत, एसएसडी या फिरता भाग नसलेल्या डिस्कवरील सुमारे एक लाख नॅनोसेकंदांत आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरील जवळपास एक कोटी नॅनोसेकंदांत. डब्यातली मोहरी उचलायला एक सेकंद लागला असे मानले, तर फडताळाला दीड मिनिट लागते, एसएसडीची फेरी दिवसभराहून अधिक घेते आणि हार्ड डिस्कची जवळपास चार महिने.

त्यामुळे माहिती आटोपशीर करणे ही निव्वळ जागेची बचत राहत नाही; ती वेळेचीही होते, कारण लहान झालेली माहिती कॅशमध्ये मावते. मराठीत लिहिलेल्या याद्यांच्या बाबतीत तर इथे बराच वाव आहे. जगभर रूढ असलेल्या यूटीएफ-८ या साठवण पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक अक्षराला, काना-मात्रा-वेलांटीला आणि हलन्त चिन्हालाही ३ बाइट लागतात. ‘पाटील’ या आडनावाला १५ बाइट. ‘स्त्री’ या एका शब्दाला १८, कारण आत तीन व्यंजने, दोन हलन्त आणि एक वेलांटी आहे. लिंगाच्या रकान्यात पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी असे तीनच पर्याय असतील, तर त्यांना २ बिट पुरतात. पूर्ण शब्द लिहीत गेल्यास अठरा लाख नोंदींचा हा एकच रकाना सुमारे ३ कोटी बाइट घेतो. बिटांत लिहिल्यास साडेचार लाख. वयाला एक बाइट पुष्कळ होतो. आडनावांची एक स्वतंत्र सूची करून प्रत्येक नोंदीत फक्त सूचीतला क्रमांक ठेवला, तर ६५ हजार आडनावांपर्यंत २ बाइटमध्ये भागते. यात एकही माहिती गमावलेली नाही.

हुबेहूब नसलेली दुबार नावे

खरी यादी इतकी सरळ नसते. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला ऱ्ह संगणकात किमान तीन प्रकारे साठवता येतो: ऱ या स्वतंत्र चिन्हाने, र आणि त्याखालील नुक्त्याने, किंवा र, हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हाने. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे असल्याने संगणकाच्या लेखी ती तीन वेगळी आडनावे ठरतात. म्हणून ताडण्याआधी सर्व नोंदी एकाच साच्यात आणाव्या लागतात. काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर पुढच्या सगळ्या हुशारीचा उपयोग नाही.

त्यानंतर येतात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, पुढे-मागे झालेली नावे, वडिलांच्या नावाऐवजी आद्याक्षर. इथे दोन नावांत किती अक्षरांचा फरक आहे हे मोजणारी रीत लागते. ती दोन्ही नावांच्या अक्षरांचा एक तक्ता मांडून एकेक घर भरत जाते, त्यामुळे एका तुलनेला शेकडो पायऱ्या होतात. वेग सेकंदाला दहा लाख जोड्यांवर आला असे धरू. मग सर्व जोड्या ताडायला १९ दिवस लागतील. अकारविल्हे लावूनही उपयोग नाही, कारण पहिलेच अक्षर चुकले असेल तर जुळी नोंद दूर जाऊन पडते.

यावर व्यवहारात गट पाडतात. समजा लिंग, वयाचा टप्पा आणि नावाचे आद्याक्षर यांवरून तीन-तीन हजारांचे ६०० गट केले आणि तुलना गटाच्या आतच केली. जोड्या उरतात २७० कोटी, वेळ ४५ मिनिटे. किंमत अशी, की ज्याचे वय एका नोंदीत ३४ आणि दुसरीत ४३ पडले आहे, तो या फेरीत सापडणार नाही. म्हणून दुसरी फेरी पत्त्यावरून गट पाडून करायची, तिसरी वडिलांच्या नावावरून. तीन फेऱ्यांचे सव्वादोन तास १९ दिवसांपेक्षा पुष्कळच बरे.

त्या तक्त्यातही बचत दडलेली आहे. प्रत्येक घर भरताना त्याच्या वरची ओळ आणि चालू ओळ एवढेच पाहावे लागते, म्हणून आधीच्या ओळी पुसून टाकता येतात. नावांसाठी हा फरक नगण्य आहे. एक-एक लाख अक्षरांचे दोन मजकूर किंवा जनुकांच्या साखळ्या ताडताना मात्र १,००० कोटी घरांच्या जागी २ लाख घरे पुरतात. संगणकतज्ज्ञ डॅन हर्शबर्ग यांनी १९७५ मध्ये याच्याही पुढे जाऊन दाखवले, की नेमका कुठे कुठे फरक आहे हेसुद्धा जवळपास तेवढ्याच मेमरीत, साधारण दुप्पट वेळ देऊन, काढता येते.

‘वेगवान यंत्र घेतले की प्रश्न मिटला’

हा आक्षेप सर्वांत आधी येतो. सर्व जोड्या ताडणाऱ्या रीतीला दुप्पट वेगाचे यंत्र दिले, तर तेवढ्याच वेळात ती दुप्पट यादी हाताळत नाही, १.४१ पट हाताळते. दहा पट यादीसाठी शंभर पट यंत्र लागेल. शिवाय एकेका प्रोसेसरचा घड्याळी वेग, म्हणजे तो सेकंदाला किती ठोक्यांनी काम करतो तो आकडा, २००५ च्या सुमारापर्यंत जसा झपाट्याने वाढत होता तसा आता वाढत नाही, कारण चिप तापते आणि ती उष्णता बाहेर काढणे अवघड होते. आज जादा ताकद मिळते ती मुख्यतः जास्त प्रोसेसर जोडून, आणि प्रत्येकाचे वीजबिल वेगळे लागते.

‘मग प्रत्येक ओळ घासत बसायचे का?’

नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९७४ मध्येच बजावले होते, की बहुतांश ठिकाणी बारीकसारीक बचतीच्या मागे लागू नये, कारण त्यातून प्रोग्राम क्लिष्ट होतात; पण जो थोडासा भाग बहुतेक वेळ खातो, तिथली संधी सोडूही नये. तो भाग कोणता हे अंदाजाने ठरवायचे नसते, मोजायचे असते. अनुभवी माणसाचाही अंदाज इथे चुकतो. महिन्यातून एकदा चालणारा प्रोग्राम दहा सेकंदांऐवजी वीस सेकंद चालला तर काही बिघडत नाही.

बचतीला सीमाही आहेत. केवळ तुलना करून यादी क्रमाने लावायची तर आपण वर पाहिलेल्या तुलनांपेक्षा फारशा कमी तुलनांत ते शक्यच नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. मेमरीच्या बाबतीत मात्र २०२५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाचे रायन विल्यम्स यांनी तज्ज्ञांनाही अनपेक्षित असे काही सिद्ध केले: एखाद्या कामाला जितक्या पायऱ्या लागतात, त्यांच्या साधारण वर्गमुळाइतक्या मेमरीत ते काम बसवता येते. याआधीची उत्तम मर्यादा सुमारे पन्नास वर्षे जवळजवळ जागची हलली नव्हती. या निष्कर्षाचे मोल सैद्धांतिक आहे, कारण मेमरी इतकी कमी केली की वेळ अतोनात वाढतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वीज

संभाषण करणाऱ्या प्रणालींमध्ये मजकुराचा प्रत्येक तुकडा त्याच्या आधीच्या प्रत्येक तुकड्याशी ताडला जातो. मजकूर दुप्पट झाला की हे काम चौपट होते. म्हणजे आपल्या ४५ तासांच्या रीतीचाच हा वर्गाने वाढणारा खर्च आहे. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लॅश अटेन्शन नावाची रीत मांडली. ती ही गणिते कमी करत नाही. ती लहान तुकड्यांत अशा रीतीने करते, की मधले आकडे प्रोसेसरजवळच्या मेमरीतच राहतात आणि मुख्य मेमरीकडच्या फेऱ्या टळतात. या फेऱ्या महाग असतात. एखादी बेरीज करायला जितकी ऊर्जा लागते, तिच्या शेकडो पट ऊर्जा तो आकडा मुख्य मेमरीतून आणायला लागू शकते.

दुसरी बचत आकड्यांच्या बारकाव्यात आहे. अशा प्रणालीने शिकलेले सगळे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते, त्याला मॉडेल म्हणतात. ७०० कोटी आकड्यांचे मॉडेल प्रत्येक आकड्याला १६ बिट देऊन ठेवले तर १४ जीबी घेते. ४ बिट दिले तर साडेतीन जीबी, आणि ते साध्या लॅपटॉपवर चालू शकते. उत्तरांचा दर्जा थोडा घसरतो. किती घसरलेला चालेल, हे कामावर अवलंबून आहे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या वीजवापराच्या हे दीड टक्क्याच्या आसपास आहे. रीती सुधारत असतील तर हा आकडा खाली का येत नाही, असे कोणी विचारील. अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशाबद्दल नोंदवले होते, की वाफेची यंत्रे काटकसरी झाल्यावर ती जास्त ठिकाणी परवडू लागली आणि कोळशाचा एकूण वापर वाढला. इथेही तसेच घडते. एका कामाचा खर्च रीत कमी करते. किती कामे करायची, डेटा सेंटरांना कोणत्या अटींवर वीज आणि पाणी द्यायचे, हे धोरणाचे प्रश्न आहेत आणि ते प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोडून चालणार नाही.

‘अंदाजावर चालणारी रीत नागरिकांच्या हक्काला लावावी का?’

माझ्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा आक्षेप आहे. शंभरात एक खोटी शंका ऐकायला किरकोळ वाटते, पण १८ लाखांत ती १८ हजार माणसे होतात. अक्षरांचा फरक मोजणारी रीत तर जुळ्या भावंडांना आणि एकाच आडनावाच्या, एकाच नावाच्या, एकाच वयाच्या दोन शेजाऱ्यांना निःसंकोच एकत्र आणून ठेवील. त्यामुळे अशा रीतीचे उत्तर ‘या जोड्या तपासा’ इतकेच समजले पाहिजे. नाव वगळण्याआधी पूर्ण नोंदींची तुलना, छायाचित्र आणि घरी जाऊन केलेली विचारपूस यांना पर्याय नाही. यंत्राचे तास वाचवले ते या तपासणीला माणसांचे तास मिळावेत म्हणूनच.

त्यासाठी एक गोष्ट मात्र रीतीनेच करून ठेवायला हवी. संशयित जोडीसोबत ती का निवडली, म्हणजे कोणते रकाने जुळले, कोणते जुळले नाहीत आणि नावांत किती अक्षरांचा फरक होता, हेही लिहून ठेवले पाहिजे. मेमरी वाचवण्याच्या नादात हे कारण टाकून दिले, तर दारात आलेल्या कर्मचाऱ्याला ‘माझेच नाव का?’ या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. प्रत्येक जोडीमागे ८ बाइटमध्ये ते सहज मावते. दोन लाख संशयित जोड्या निघाल्या, तरी सर्व कारणे मिळून १६ लाख बाइट होतात; मोबाइलमधील एका छायाचित्राला साधारण तेवढी जागा लागते.